पिकअपचा फिल्टर आणि टाकीतील पाणी

चोपडे येथील एका भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. त्यांचे यजमान पिकअपमधून मासळीची ने-आण करितात. ऑगस्टपासून गाडी तीन वेळा वाटेत बंद पडली आणि तिन्ही वेळा मेस्त्रीने डिझेलचा फिल्टर बदलला. तिसऱ्या खेपेस बर्फ वितळून बांगडे फुकट गेले. आता यजमानांचे म्हणणे असे की, मेस्त्री जुनाच फिल्टर धुऊन घालतो व पैसे मात्र नव्याचे घेतो. दोघेही एकाच धर्मग्रामातले. पण रविवारी मिस्सेनंतर एकमेकांकडे पाहतही नाहीत. "खरे काय ते सांगावे," असे भगिनी लिहितात.

गाडी न पाहता निवाडा करणे आम्हांस शोभणार नाही. तथापि पत्रातील एक गोष्ट आमच्या मनात भरली, ती म्हणजे ऑगस्ट महिना. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक होड्यांस मासेमारीची बंदी असते. त्या काळात मासळीची गाडी बहुधा अंगणात उभी असते, आणि टाकी अर्धी रिकामी. टाकीच्या रिकाम्या भागात पावसाळ्याची दमट हवा शिरते, रात्रीच्या गारव्याने तिचे थेंब होतात व ते तळाशी उतरतात, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. पाणी व डिझेल जेथे भेटतात तेथे सूक्ष्म जंतू वाढून काळसर, बुळबुळीत गाळ धरतो. गाडी निघाली की हा गाळ ढवळून फिल्टरच्या कागदावर जाऊन बसतो. सपाटीवर गाडी कशीबशी चालते. ओझे घेऊन चढणीस लागली की इंजिनास अधिक डिझेल हवे असते, ते मिळत नाही, आणि दम तुटतो. थोडा वेळ थांबले की पुन्हा सुरू होते. म्हणून लोकांस वाटते, दोष आपोआप गेला!

टाकी तशीच घाण ठेवून कितीही नवे फिल्टर घातले, तरी ते भरणारच. यात मेस्त्रीची लबाडी असलीच पाहिजे असे नाही. जून २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील रतलाम येथे मुख्यमंत्र्यांच्या ताफ्यातील १९ मोटारी एकाच पंपावर डिझेल भरून बंद पडल्या. टाक्या उघडल्या तेव्हा आत पाणी निघाले. पंपाचा दोष की पावसाळ्याचा, हे आधी पाहावे लागते.

शहानिशा करण्याचा उपाय सोपा आहे. इंजिन बंद व थंड असताना फिल्टरखालची पाणी सोडण्याची चावी सैल करून थोडे डिझेल काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावे व तासभर न हलवता ठेवावे. पाणी असेल तर तळाशी वेगळा थर दिसेल. मग टाकी उतरवून धुणे आले. नवा फिल्टर बसविताना त्याच्या रबरी कड्यास स्वच्छ डिझेलचे बोट लावावे. पण फिल्टरमध्ये वरून डिझेल ओतू नये, कारण न गाळलेला कण तेथूनच पुढे जातो. हातपंप असेल तर तो घट्ट लागेपर्यंत दाबून नळीतील हवा काढावी. कोणी फिल्टरच्या कागदास भोक पाडून "चालवून" देऊ म्हणेल, त्यास हात लावू देऊ नये. केसाहून कितीतरी बारीक कणांनीही इंजेक्टर निकामी होतात, आणि त्यांची किंमत फिल्टरच्या कित्येक पट असते.

दोन गोष्टी मात्र आम्ही कडकपणे सांगतो. नळी तोंडात धरून डिझेल ओढू नये. ते फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. मुलांकडून तर हे काम कधीच करवू नये. आणि इंजिन चालू असताना जाड दाबाच्या नळ्यांवर हात फिरवून गळती शोधू नये. आजच्या गाड्यांत तेथे हजाराहून अधिक बारचा दाब असतो. बारीक धार कातडी भेदून आत जाते, जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येते. असे झाल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

काचेपुढे संत ख्रिस्तोफरचे चित्र असते, ते असावेच. पण प्रवाशांस पाण्यातून पार नेणाऱ्या त्या संतावर टाकीतले पाणी सोपवू नये. बंदीच्या आरंभी टाकी भरून ठेवावी, म्हणजे दमट हवेस जागाच उरत नाही.

काढलेले घाण डिझेल शापोऱ्याच्या पात्रात किंवा विहिरीजवळ ओतू नये; त्याच पाण्यातून आपल्या तिसऱ्या निघतात. ते बंद डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. बाटलीत पाण्याचा थर दिसला, तर ती बाटली यजमानांनी स्वतः मेस्त्रीच्या घरी न्यावी आणि टाकी कोणत्या दिवशी उतरवायची ते त्यालाच विचारावे. थर दिसला नाही, तर काढलेला फिल्टर मागून घेऊन आम्हांस पुन्हा लिहावे.