मुहूर्त कुणी काढायचा?

"अगं, वेळेत करायला हवं होतंस तू."

हे वाक्य मी गेल्या दीड वर्षात किती वेळा ऐकलं याचा हिशेब ठेवलेला नाही. मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर, हातावर खिरापत ठेवता ठेवता एका काकांनी ऐकवलं. साताऱ्याहून आत्याने फोनवर ऐकवलं. माझ्यासारखीच शिकायला येऊन इथे राहिलेल्या एका मैत्रिणीनेही ऐकवलं. तिचा नवरा तीन वर्षांपूर्वीच आला होता. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तरी हे वाक्य मला मान्य नाही, आणि का नाही ते एकदा नीट सांगायचं आहे.

मी लेस्टरला राहते. २०१५ साली एम.एस्सी.साठी आले, नोकरी लागली, वर्क व्हिसावरची वर्षं भरली, मग कायम राहायची परवानगी मिळाली. एका खासगी प्रयोगशाळेत काम करते. नवरा साताऱ्याचा, तिथेच कॉलेजात शिकवायचा. ३ मार्च २०२४ला आमचं लग्न झालं. तारीख भटजींनी काढली, त्यातली हॉल रिकामा असलेली आम्ही घेतली. आपल्याकडे लग्नाच्या तारखा अशाच ठरतात. आमच्या लग्नाला आणखी एक मुहूर्त होता आणि तो लंडनमध्ये निघाला होता, हे मला पुरेसं उमगलं नव्हतं.

ब्रिटनमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला बोलावायचं तर बोलावणाऱ्याची वर्षाची कमाई ठरावीक रकमेच्या वर असावी लागते. जुलै २०१२पासून ही रक्कम १८,६०० पौंड होती. डिसेंबर २०२३मध्ये तेव्हाच्या हुजूर पक्षाच्या सरकारने ती ३८,७०० करणार असं जाहीर केलं. ओरड झाली, म्हणून वाढ टप्प्याटप्प्याने करायचं ठरलं. पहिला टप्पा २९,००० पौंडांचा, ११ एप्रिल २०२४पासून. पुढचे टप्पे सरकार बदलल्यावर थांबले. २९,००० मात्र तसेच राहिले.

लग्नाच्या वेळी माझा पगार होता २६,५००. म्हणजे १० एप्रिलपर्यंत अर्ज केला असता तर मी नवऱ्याला पोसण्याच्या लायकीची होते. ११ एप्रिलला उठले तेव्हा नव्हते. नोकरी तीच, घर तेच, भाडं तेच.

मधले अडतीस दिवस आमच्याकडे होते. त्यातले बरेचसे विवाह नोंदणीच्या दाखल्यात गेले. दाखल्यावर नवऱ्याच्या आडनावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा एका अक्षराने वेगळं आलं. दुरुस्तीचा अर्ज दिला. तोवर लोकसभेची आचारसंहिता लागली होती आणि सही करणारे साहेब निवडणुकीच्या कामात होते. ९ एप्रिलला पाडवा होता. सासूबाईंनी गुढी उभारली, मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, कुठल्याही शुभकार्याला पंचांग बघावं लागत नाही असा दिवस. दुरुस्त दाखला हातात आला तो १८ एप्रिलला.

पुढे एका सॉलिसिटरकडून कळलं की फॉर्म भरून फी १० तारखेच्या आत भरली असती, तर कागद नंतर, बोटांचे ठसे द्यायच्या अपॉइंटमेंटपर्यंत जोडता आले असते. म्हणजे काका अगदीच चूक नव्हते. मी वेळेत करू शकले असते. हे मी लपवत नाही, कारण माझा मुद्दा यातूनच सुरू होतो. २६,५०० पगाराच्या दोन बायका समजा. एकीला ही युक्ती माहीत आहे, दुसरीला नाही. पहिलीचा नवरा येतो, दुसरीचा येत नाही. मग या नियमाने नेमकं काय मोजलं? कमाई तर मोजली नाही, दोघींची सारखीच आहे. नातं मोजलं नाही. मोजलं ते एवढंच, की तुमच्या ओळखीत जाणकार माणूस आहे का.

जूनमध्ये मला बढती मिळाली. पगार २९,५००. आता फक्त सहा महिने थांबायचं होतं. का, ते सांगते, कारण उद्या तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येईल.

पगारदार माणसाने त्याच मालकाकडे सहा महिने काम केलेलं असावं लागतं आणि सहाही महिने पगार त्या रेषेच्या वर असावा लागतो. सहा पे-स्लिपा, त्या पगाराची नोंद दाखवणारी सहा महिन्यांची बँक स्टेटमेंटं, मालकाचं पत्र. पगार कमीजास्त झाला असेल तर त्यातला सगळ्यात कमी धरून वर्षाचा हिशेब करतात. नवी नोकरी किंवा नवा पगार असेल तर गेल्या बारा महिन्यांची प्रत्यक्ष कमाई दाखवायचा दुसरा रस्ता आहे, पण माझे जूनच्या आधीचे महिने २६,५००चे होते, त्यामुळे तो बंद. नवऱ्याचा साताऱ्यातला पगार यात धरतच नाहीत. तो इथे येऊन काय कमवेल, तेही नाही. बँकेतल्या पैशांवर भागवायचं असेल, तर एकट्या बचतीतून ८८,५०० पौंड लागतात, तेही सहा महिने खात्यात असलेले.

हे झाले जुने व्हावे लागणारे कागद. दुसरे कागद जुने होऊन चालत नाहीत. पे-स्लिपा आणि स्टेटमेंटं अशी हवीत की शेवटची अर्जाच्या आधी २८ दिवसांच्या आतली असेल. भारतातून येणाऱ्याला क्षयरोगाची तपासणी करावी लागते, तिचा दाखला सहा महिनेच चालतो. एका हाताने लोणचं मुरवायचं आणि दुसऱ्या हाताने भाकरी गरम ठेवायची, आणि दोन्ही एकाच ताटात, एकाच क्षणी वाढायचं. त्यातलं एकही बिघडलं तर ताट परत.

माझा पगार रेषेच्या वर किती होता? महिन्याला जेमतेम एक्केचाळीस पौंड. एवढ्या जागेत मला सहा महिने तोल सांभाळायचा होता.

ऑक्टोबरमध्ये बाबा गेले.

वर्षाची भरपगारी रजा लग्नात संपली होती. ऑफिसने दुःखाची म्हणून तीन दिवसांची रजा दिली. तेराव्यापर्यंत थांबायचं तर बाकीचे दिवस बिनपगारी. मी थांबले. आईला तशी सोडून मी पे-स्लिप सांभाळायला विमानात बसले नाही. ऑक्टोबरचा पगार रेषेखाली गेला. सॉलिसिटरने हळहळत सांगितलं की अशा स्लिपवर अर्ज करणं जोखमीचं आहे. नकार आला तर फी गेली आणि पुढच्या प्रत्येक अर्जात तो नकार लिहावा लागेल. नोव्हेंबरपासून पुन्हा पहिल्यापासून मोजा. नवऱ्याने घाई नको म्हणून सप्टेंबरमध्येच मुंबईला जाऊन क्षयाची तपासणी करून ठेवली होती. नव्या सहा स्लिपा पुऱ्या होण्याआधी तिची मुदत संपली. ती पुन्हा केली.

अर्ज मे २०२५मध्ये गेला. नवरा सप्टेंबरमध्ये आला. लग्नापासून अठरा महिने. म्हणजे माझं शेवटी नीट झालं. हे रडगाणं नाही. नीट झालं तरीही हा नियम वाईट आहे, असं माझं म्हणणं आहे.

आता समोरची बाजू. सरकार म्हणतं, येणाऱ्या माणसाचा बोजा करदात्यांवर पडू नये. ऐकायला रास्त आहे. पण जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्याला सरकारी भत्ते घ्यायची तशीही बंदी आहे. आरोग्यसेवेसाठी वर्षाला १,०३५ पौंडांचा अधिभार आधीच भरून घेतात. व्हिसा ३३ महिन्यांचा, पैसे तीन पूर्ण वर्षांचे, म्हणजे ३,१०५ पौंड. अर्जाची फी वेगळीच. शिवाय तो आल्या दिवसापासून नोकरी करू शकतो, कर भरू शकतो. घरात दुसरी कमाई येऊ द्यायची नाही आणि एकटीच्या कमाईत घर भागत नाही म्हणून तिला नापास करायचं, हा कुठला हिशेब?

दुसरा युक्तिवाद खोट्या लग्नांचा. खोटी लग्नं होतात, नाकारत नाही. पण खोटं लग्न लावणाऱ्याकडे ३०,००० पगार असला तर या चाळणीतून तो सहज पडतो. खरं लग्न केलेली, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी बाई अडकते. २९,०००ची रेष लंडनलाही तीच आणि जिथे पगार कमी आहेत त्या गावांतही तीच. बायकांचे पगार पुरुषांपेक्षा सरासरीने कमी असतात, त्यामुळे नवऱ्याला बोलावणाऱ्या बाईला ती जास्त उंच पडते.

आणि हे काही आजचं नाही. १९७९ साली हीथ्रो विमानतळावर, लग्न करायला आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्यचाचणी केली गेली. वाग्दत्त वधूचे नियम सोपे होते, बायकोचे अवघड. ही बाई खरंच अविवाहित आहे का हे त्यांना शरीर तपासून ठरवायचं होतं. १९८० ते १९९७ या काळात एक नियम होता: लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. जे नव्हतं ते नव्हतं असं सिद्ध करायचं! तेव्हा बायकोला आणणं पुरुषाला सोपं होतं आणि नवऱ्याला आणणं बाईला कठीण. तीन बायका युरोपच्या मानवी हक्क न्यायालयात गेल्या आणि १९८५ साली जिंकल्या. सरकारने भेदभाव संपवला, पण कसा? बायकांसाठी दार उघडून नव्हे, पुरुषांसाठीही ते तितकंच बंद करून. २०१७ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयासमोर कमाईची अट आली. न्यायालयाने मान्य केलं की यात अनेक कुटुंबांची फरफट होते आणि मुलांच्या हिताचा विचार नियमांत पुरेसा केलेला नाही. अट मात्र कायदेशीर ठरली.

आधी शरीर तपासलं, मग हेतू तपासला, आता पे-स्लिप तपासतात. पे-स्लिप सभ्य दिसते. तिच्यावर कुणी वर्णद्वेषाचा आरोप करत नाही. आणि तारीख तर त्याहून सभ्य. "तुझा नवरा नको" असं कुणीच म्हणत नाही. "तुमची एक स्लिप कमी पडते" एवढंच म्हणतात. मग दोष आपोआप स्लिप गोळा करणाऱ्याकडे येतो. म्हणून मला काकांचं वाक्य खटकतं. ज्यांनी कॅलेंडर आखलं त्यांना कुणी विचारत नाही, जी त्यात अडखळली तिला विचारतात.

यावर टाळ्या वाजवणाऱ्या मायदेशातल्या मित्रांना एक सांगायचं आहे. आपलं घर वेगळं नाही. भारतीयाने परदेशी माणसाशी लग्न केलं तर त्या जोडीदाराला ओसीआय कार्डासाठी लग्न नोंदवलेलं आणि सलग दोन वर्षं टिकलेलं असावं लागतं. लग्न मोडलं तर कार्ड रद्द होऊ शकतं. विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस, आणि त्या तीस दिवसांत कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. टुरिस्ट व्हिसावर आलेल्या जोडीदाराला हे तीस दिवस किती महाग पडतात, ते त्यांनाच विचारा.

आता ज्यांना उद्या हेच करायचं आहे त्यांच्यासाठी. आधी अर्जाची तारीख ठरवा आणि तिथून उलट मोजत या. सहा महिने मुरावे लागणारे कागद सर्वांत आधी सुरू करा; मुदतीचे, म्हणजे क्षयाची तपासणी, मालकाचं पत्र, शेवटचं स्टेटमेंट, सगळ्यात शेवटी. विवाहाच्या दाखल्यावरचं प्रत्येक अक्षर काउंटरवरच उभं राहून पासपोर्टशी ताडून बघा. बिनपगारी रजा घेण्याआधी तिचा परिणाम विचारून घ्या. मग जे मनाला पटेल ते करा. मी पुन्हा त्याच जागी असते तर पुन्हा तेराव्यापर्यंत थांबले असते.

आमचं अजून संपलेलं नाही. ३३ महिन्यांचा व्हिसा संपण्याआधी मुदतवाढ, पुन्हा फी, पुन्हा अधिभार, पुन्हा कमाईचे पुरावे. पाच वर्षं पुरी झाली की मग कायमचा अर्ज. भिंतीवर कालनिर्णय आहे, त्याच्या शेजारी आम्ही दुसरा कागद लावलाय, त्यात फक्त या तारखा आहेत.

परवा मंडळात एक नवा मुलगा भेटला. त्याची बायको नाशिकला आहे, त्याच्या चार स्लिपा झाल्यात, दोन बाकी. काका शेजारीच होते, त्यांनी तोंड उघडलं. मी म्हटलं, "काका, त्याने सगळं वेळेतच केलंय. त्यांची वेळच रोज बदलते." काका काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या मुलाला विचारलं, "जेवलास का?"