भुयारात उतरलेले कुटुंब

व्हिडिओ गेम म्हटले की सुशिक्षित मराठी घरांत दोनच गोष्टी घडतात. वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते आणि मुलाच्या खोलीचे दार बंद होते. कुटुंब प्रबोधनाच्या बैठकांतून या विषयावर जे बोलले जाते, त्याचे सारही बहुधा ‘मोबाइल काढून घ्या’ एवढेच असते. मुलगा नेमके काय खेळतो, हे विचारण्याची तसदी फार थोडे जण घेतात.

२०१९ साली आलेला ‘चिल्ड्रन ऑफ मोर्टा’ हा खेळ पाहावा. भुयारात उतरायचे, राक्षसांशी झुंजायचे, कोसळल्यावर पुन्हा आरंभापासून निघायचे आणि प्रत्येक वेळी भुयाराची रचना निराळी, हा साचा जुनाच आहे. १९८० च्या सुमारास मायकेल टॉय व ग्लेन विचमन या कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्यांनी रचलेल्या ‘रोग’ या खेळावरून या प्रकाराला ‘रोगलाइक’ हे नाव पडले. (मराठी वाचकाने येथे कोटी करण्याचा मोह आवरावा.) त्या मूळ खेळाचा नायक मात्र एकाकी होता, मेला की सारे संपले.

‘मोर्टा’चा नायक म्हणजे बर्गसन नावाचे अख्खे घराणे आहे. पर्वतावरून पसरणारे अशुभ रोखणे, हे या घराण्याचे परंपरागत कर्तव्य. ढाल-तलवार घेतलेला पिता जॉन, धनुर्धारी कन्या लिंडा, खंजीर चालविणारा केविन, अग्नीशी खेळणारी चिमुकली लूसी. घरी राहून मार्ग दाखविणारी आजी मार्गारेट आणि शस्त्रे सुधारून देणारा काका बेन. भुयारात कोसळलेला वीर घरी परततो. एकाने रणात कमावलेल्या बळाचा काही अंश साऱ्यांच्या वाट्याला येतो. आणि एकालाच वारंवार धाडले तर त्याची प्राणशक्ती घटत जाते. त्याला विश्रांती देऊन दुसऱ्याला पाठवावेच लागते. कार्यकर्त्यांच्या जबाबदाऱ्या ठरविणाऱ्यांनीही हा नियम ध्यानी घ्यायला हरकत नाही!

हा खेळ दोघांना शेजारी बसून, एकाच पडद्यावर खेळता येतो. कबड्डीत बाद झालेला गडी सोबत्यांच्या कमाईने पुन्हा उठतो, हे शाखेच्या मैदानावर वाढलेल्यांना सांगायला नको. त्याच जातीचे काहीतरी येथे आहे. अर्थात मैदानाची माती आणि घाम यांची जागा पडदा घेऊ शकत नाही, आणि तासन्‌तास चालणारी कापाकापी ही काही उपासना नव्हे. परंतु बंद दाराआड एकट्याने खेळणारा मुलगा आणि धाकट्या बहिणीला शेजारी घेऊन खेळणारा मुलगा, यांना एकाच मापाने मोजणे हा आळस आहे.

हा खेळ रचणाऱ्या ‘डेड मेज’ संस्थेची मुळे इराणमधील. याच मंडळींनी पूर्वी गर्शास्प या पारशी पुराणवीरावर खेळ केला होता. अवेस्तातील त्याचे नाव आणि आपला संस्कृत ‘कृशाश्व’ हे एकाच धातूचे घडलेले. राजवट कोणतीही असो, तेथील तरुणांना आपला प्राचीन वीर नव्या माध्यमात आणावासा वाटला. आपल्याकडे काय?

आपल्याकडे पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने ‘राजी’ केला. हा भुयारी प्रकार नव्हे, पण राक्षसांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली बहीण, तिच्या पाठीशी दुर्गा आणि विष्णू, असा तो घाट. २०१७ मध्ये लोकवर्गणीचा प्रयत्न फसला. तरी चिकाटीने तो २०२० मध्ये जगभर पोचला आणि २०२२ च्या सुधारित आवृत्तीत त्याला हिंदी संवादही लाभले. परदेशी खेळांनी मुले बिघडली, असे जाहीर सभेत सांगणाऱ्या किती घरांत पुण्याचा हा खेळ विकत घेतला गेला?