संपातीचे पंख

श्रावणी सोमवारीं येडशीच्या रामलिंगास जाणाऱ्यांस जटायूची कथा निराळी सांगावी लागत नाहीं. सीतामाईसाठीं रावणाशीं झुंजून तो पक्षिराज बालाघाटाच्या त्या दरींतच पडला, अशी तेथील श्रद्धा असून त्याची समाधिहि दाखवितात. हाच मान नाशिककडील टाकेदहि सांगतें. त्या वादांत आपणांस शिरावयाचें नाहीं. आज सांगावयाचें आहे तें जटायूच्या वडील भावाविषयीं.

त्याचें नांव संपाती. किष्किंधाकांडांत त्याची कथा येते. दोघे भाऊ पैजेनें सूर्यामागें उडाले. धाकटा उन्हानें व्याकुळ झाला, तेव्हां थोरल्यानें त्याजवर आपल्या पंखांची सावली धरली. पंख जळाले आणि तो विंध्याद्रीवर कोसळला. प्राणत्याग करावा, अशा विचारांत असतां निशाकर मुनींनीं त्यास भविष्य सांगितलें : सीतेच्या शोधार्थ रामाचे दूत येथें येतील, त्यांस तूं तिचा ठाव सांगशील, आणि तुला पुन्हा पंख फुटतील.

हें भविष्य वाचतांना मन दोन ठिकाणीं अडखळतें. पहिलें ठिकाण काळाच्या हिशेबाचें. मुनि स्वर्गवासी झाल्यास आठ हजार वर्षें लोटलीं, असें संपाती एकदां म्हणतो. कांहीं सर्गांनंतर तोच शंभराहून थोडीं अधिक वर्षें झालीं, असें म्हणतो. दुसरें ठिकाण याहून कठीण आहे. "तुला आजच पंख देण्यास मी समर्थ आहें, परंतु येथें राहूनच तुझ्या हातून लोकहित व्हावयाचें आहे," अशा आशयाचें मुनि बोलतात. सामर्थ्य असून पंख दिले नाहींत, ही कसली कृपा?

आमच्या आत्याबाईंस पक्षाघात होऊन उजवें अंग गेलें, त्याच वर्षीं संध्याकाळच्या वाचनांत हा भाग आला. रामलिंगाचा त्यांचा नेम मोडला होता. सुटका केव्हां, एवढेंच त्यांनीं दोनदां पत्रिका दाखवून विचारविलें होतें. "मी आतां कोणाच्या उपयोगाची?" असें त्या रोज म्हणत, आणि आम्ही सारीं "असें बोलूं नये" म्हणून उठून जात असूं.

मुनींचें बोलणें ऐकतांच त्या म्हणाल्या, "तेवढें पुन्हा वाच रे." मीं वाचलें. कांहीं वेळानें त्या हळूच म्हणाल्या, "पंख नाहीं दिले, पण काम दिलें हो! तुम्ही मला दोन्ही वेळां जेवूं घालतां. काम मात्र कोणी सांगत नाहीं."

माझी मान खालीं गेली. संपातीसहि त्याचा पुत्र सुपार्श्व अन्न आणून देत असे. त्या अन्नानें देह टिकला, परंतु जगण्यास कारण मिळालें तें मुनींच्या शब्दांनीं. पुढें वानर हताश होऊन बसले, तेव्हां शंभर योजनांवरील लंका दिसली ती या पंगु पक्ष्यासच. पंख फुटले ते नंतर.

दुसऱ्या दिवसापासून मुलांचें पाठांतर घेण्याचें काम आत्याबाईंकडे आलें. त्यांचा हात शेवटपर्यंत उचलला गेला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. परंतु पत्रिका त्यांनीं पुन्हा काढविली नाहीं. संध्याकाळीं मुलांस उशीर झाला, कीं "केव्हां येणार तीं?" एवढेंच त्या विचारीत.

पुराणांतील भविष्यें वाचतांना आपण सालें मोजूं लागतों, आणि मग आठ हजार खरें कीं शंभर खरें, यांतच अडकून पडतों. संपातीनें सालें धरून ठेविलीं नाहींत, काम धरून ठेविलें. जटायूनें प्राण देऊन रामकार्य केलें, त्याच्या भावानें जिवंत राहून केलें. ज्यांच्या घरीं कोणी वडील माणूस खाटेवर असेल, त्यांनीं आज औषधाबरोबरच एखादें कामहि त्यांच्याकडे न्यावें.