घाटातली मालगाडी

मैत्रिणींनो, मुंबईहून पुण्याला जाताना कर्जत आले की आपले सारे लक्ष वड्यांकडे. मुले मात्र शेजारच्या रुळांवरची मालगाडी बघत असतात, आणि त्यांचेच बरोबर आहे!

१८६३ साली सुरू झालेल्या या बोरघाटातला चढ आहे ३७ फुटांना १ फूट. गव्हाचे पोते जिन्याने वर नेताना एकजण ओढतो, दुसरा खालून रेटा देतो ना? तसेच चढणाऱ्या मालगाडीला पुढे इंजिन असतेच, शिवाय मागून ढकलायला जादा इंजिने जोडतात. त्यांना म्हणतात बँकर. ती मुलांना मोजायला सांगा.

फोटो काढायचा तर खिडकीची काच पुसा, फोन तिला टेकवा आणि मागून गडद पदराचा आडोसा करा. डब्यातल्या दिव्याची तिरीप फोटोत येत नाही.

एका बाबतीत मात्र कडक राहा हं. दारात लोंबकळून किंवा रुळांत उतरून फोटो नाही. उभ्या वाघिणीवर चढणे तर मुळीच नाही! वरच्या तारेत २५,००० व्होल्टची वीज असते. तारेला हात लागायलाच हवा असे नाही, नुसते जवळ गेले तरी ती अंगावर झेप घेते. “पण गाडी तर उभीच होती,” म्हणणाऱ्या वयातल्या मुलाला हे घरीच समजावून सांगा. गाडीत बसल्यावर तो कसला ऐकतोय!