हयातीचा दाखला

गेल्या पावसाळ्यात रायपुरात, शंकर नगरातील एका स्नेह्यांच्या घरी दहा-पाच मराठी मंडळी जमली होती. बोलता बोलता विषय निघाला तो वृद्धांच्या छळाचा. शेजारच्या घरी एखाद्या म्हाताऱ्या माणसाचे हाल होत आहेत असा संशय आला, तर तो सरकारला कळविणे कायद्याने बंधनकारक असावे की नाही? असावे, असे मी म्हणालो. त्यावर नुकतेच निवृत्त झालेले एक वरिष्ठ अधिकारी हसून म्हणाले, "अहो, उद्या सुनेने सासूला दुसऱ्यांदा चहा दिला नाही, तर तुम्ही त्याचाही पंचनामा कराल! घरातली गोष्ट घरातच राहू द्या." सगळे हसले. मीही हसलो, दुसऱ्याच्या घरी बसून वडीलधाऱ्या माणसाशी वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही. तेथे जे गिळले ते येथे लिहितो.

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा केंद्रीय कायदा २००७ साली झाला आणि तो काही वाईट कायदा नव्हे. मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता त्यात मिळतो. वृद्धाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. सांभाळण्याच्या अटीवर मुलाच्या नावे केलेले घर, त्याने अट मोडल्यास, परत घेता येते. मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईला असे घर सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२५ रोजी परत मिळवून दिले. पण हे सारे चक्र फिरू लागते ते अर्जाने. अर्ज वृद्धाने स्वतः करावा. तो असमर्थ असल्यास त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने वा संस्थेने करावा. म्हणजे जी बाई खोलीबाहेर पडू शकत नाही तिने आधी कोणाला तरी अधिकार देण्यापुरते बाहेर पडावे! न्यायाधिकरणाला स्वतः होऊन दखल घेता येते हे खरे. परंतु उपविभागीय अधिकारी काही गल्लीगल्लीतून कान देत हिंडत नाहीत. ह्या मासिकाच्या वाचकांपैकी काही जण त्या खुर्चीवर बसले असतील. कोणी येऊन सांगितल्यावाचून त्यांना किती प्रकरणे कळली, ते त्यांनीच आठवून पाहावे.

घरातली गोष्ट घरातच राहावी हे तत्त्व आपला कायदा सर्वत्र पाळतो, असेही नाही. शेजारी खोट्या नोटा छापतो आहे हे ज्याला कळले, त्याने ते पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या यादीत खून आहे, दरोडा आहे. तोच शेजारी आपल्या आईला उपाशी ठेवतो आहे हे कळले, तर मात्र त्या यादीत काही सापडत नाही. लहान मुलांच्या लैंगिक छळाबद्दल २०१२ च्या कायद्याने असेच बंधन घातले. कळविले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद. तेव्हाही कुटुंबाची अब्रू हा शब्द पुष्कळांच्या ओठांवर होताच. मुलाला बोलता येत नाही म्हणून दुसऱ्याने बोलावे, एवढाच त्यामागचा विचार. अर्धांगाने जीभ लुळी पडलेल्या ऐंशी वर्षांच्या माणसाला तो विचार का लागू पडू नये?

आता मी जे पाहिले ते सांगतो. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील थोडा बदलला आहे. आमच्या गल्लीत समोरच्या घरी एक वृद्ध विधवा राहत असे. घराणे नागपूरकडचे, मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काळात इकडे आलेले. मुलगा नोकरीत, बोलायला गोड, गणेशोत्सवाची वर्गणी सर्वांच्या आधी देणारा. आजींची खोली मागच्या अंगाला होती आणि तिला दुपारी बाहेरून कडी असे. घरात कोणी नसले म्हणजे त्या खिडकीशी येत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला विचारीत, "बाळा, आज वार कोणता रे?" मी वार सांगून पुढे जात असे. एकदा त्यांच्या दंडावर काळेनिळे दिसले. मुलाला सहज विचारले, तर तो म्हणाला, "पडते हो सारखी, विसरभोळी झाली आहे." असेलही. म्हातारी माणसे पडतातच. पण नोव्हेंबर आला की आजींना न्हाऊ-माखू घालून, इस्तरीचे लुगडे नेसवून रिक्षात बसवीत आणि हयातीच्या दाखल्यासाठी नेत. यजमानांमागचे कुटुंब-निवृत्तिवेतन चालू राहायला हवे होते ना! यंत्रावर अंगठा टेकला की वर्षभराचे काम झाले. पुढे ते कुटुंब बदलीने दुसऱ्या गावी गेले. आजी त्यांच्याबरोबर गेल्या की नाही, मला ठाऊक नाही. मी कोणालाही काहीही कळविले नाही.

हा दाखला मला आज टोचतो तो त्यामुळे, आणि तो घेणाऱ्या खात्याच्या एका खिडकीमागे मी स्वतः बसतो त्यामुळे. सरकार दर वर्षी लाखो वृद्धांना एक प्रश्न विचारते: आपण जिवंत आहात काय? २०१४ पासून तो अंगठ्याच्या ठशावरून विचारता येतो. आता तर पोस्टमन घरी जाऊन ठसा घेतो, चेहऱ्यावरूनही ओळख पटते. सोय मोठी झाली, तिची निंदा मी करणार नाही. पण जिवंत आहात, तर कसे आहात, हा दुसरा प्रश्न कोणत्याच नमुन्यात नाही. समोर आलेल्या माणसाच्या दंडावर वळ दिसला, तर त्याचे काय करावे ह्याचे परिपत्रकही माझ्या पाहण्यात नाही. आमची जबाबदारी तिजोरीशी आहे. मेलेल्याच्या नावे पैसे जाऊ नयेत, इतकीच.

आता त्या अधिकारी महाशयांच्या आक्षेपापेक्षा वजनदार आक्षेप घेतो, जो त्यांनी घेतला नाही. वृद्ध हा मूल नव्हे. तो सज्ञान आहे. मार खाऊनही मुलाजवळच राहायचे असे त्याने ठरविले, तर ते ठरविण्याचा त्याला अधिकार आहे. शिवाय तक्रार गेल्यावर रात्री त्याच घरात झोपायचे असते. हे मला मान्य आहे, आणि म्हणूनच प्रत्येक संशयावर पोलीस धाडावा असे मी म्हणत नाही. जपानने २००५ साली केलेला व २००६ पासून अमलात असलेला कायदा पाहावा. जिवाला वा शरीराला गंभीर धोका दिसला, तर पाहणाऱ्याने कळविलेच पाहिजे. एरवी कळविण्याचा प्रयत्न करावा. कळवायचे ते पोलिसाला नव्हे, नगरपालिकेला. आणि कोणी कळविले हे तिने गुप्त ठेवायचे. धंद्यातील गुपित हे निमित्त डॉक्टरलाही पुढे करता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने तर २००७ पासून बँकेच्या नोकरांवरही हे बंधन घातले आहे. वृद्धाच्या खात्यातून संशयास्पद रीतीने पैसे निघताना प्रथम दिसतात ते त्यांनाच. आपल्याकडे तोच कारकून पैसे मोजून देतो आणि पुढच्या ग्राहकाला हाक मारतो.

तेव्हा माझे मागणे मर्यादित आहे. सर्व शेजाऱ्यांवर नको. ज्यांना पगारी कामानिमित्त वृद्ध दिसतो त्यांच्यावर हे बंधन घाला. डॉक्टर, परिचारिका, बँकेचा व टपालाचा नोकर, निवृत्तिवेतनाचा कारकून, म्हणजे मी. वृद्धाला दोन मिनिटे एकट्याला विचारावे, त्याची इच्छा असल्यास न्यायाधिकरणाला कळवावे, आणि जिवावर बेतले असेल तर न विचारता कळवावे. चहाच्या कपाचा ह्यात कोठेही संबंध येत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत कर्करोगाने ग्रासलेली एक वृद्धा कचऱ्याच्या ढिगात सापडली. तिच्या नातवाने तिला तेथे टाकल्याचा आरोप झाला. असा रोग एका रात्रीत वाढत नाही. त्याआधी तिला किती जणांनी पाहिले असेल!

सरकारी नोकराच्या बाबतीत सरकारचा हात पोचत नाही असेही नाही. आसामने २०१७ साली आई-वडिलांची हेळसांड करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून रक्कम कापण्याचा कायदा केला. लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस अशांचा ३० टक्के पगार कापून आई-वडिलांच्या खात्यात भरण्याचे ठरविले. पगारापर्यंत पोचणारा हात खोलीच्या कडीपर्यंत का पोचू नये?

आपण परमुलखात नोकरी करणारी माणसे ह्या विषयावर बोलताना थोडे चाचरतो, कारण आपले आई-वडील बहुधा दुसऱ्या कोणाच्या तरी स्वाधीन असतात. माझी आई गावी धाकट्या भावाकडे आहे. दर रविवारी फोन करतो, भाऊ फोन धरतो, सगळ्यांना ऐकू येईल असा. आई म्हणते, बरी आहे. हा लेख लिहायला घेतल्यावर एका रविवारी मी भावाला म्हटले, फोन तिच्या हाती दे आणि तू जरा अंगणात जा. त्याला ते इतके लागले की पुढे दोन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. तो आईला नीट सांभाळतो, ह्याबद्दल मला शंका नव्हती व नाही. आईने सांगितले ते एवढेच, की चष्म्याची काडी मोडली आहे आणि दिवाळीपासून पोथी वाचता येत नाही. तेव्हा वैशाख चालू होता.