फिर्याद बुशावर, कसूर पान्याची

सातारा-सांगलीकडील मोटारमालकांच्या बैठकींत अलीकडे एक मत मोठ्या अधिकारवाणीने मांडले जाते, आणि ते मांडणारे गृहस्थ वयाने व अनुभवाने वडील असल्यामुळे त्यास सहसा कोणी हरकत घेत नाही. त्यांचा पूर्वपक्ष असा: कंपनीचे सोडून बाजारातले शॉकॅब्सॉर्बर आणि स्प्रिंगा बसविल्या की लोअर आर्मचे बुश फाटणारच, बाहेरचा माल हलका, आपले रस्ते खराब, सबब फाटका बुश फेकावा, पॉलियुरेथेनचा कडक बुश ठोकावा आणि निश्चिंत व्हावे. फिर्याद, चौकशी व निवाडा एका दमात आटोपतो; फाटका बुश हातात घेऊन पाहण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

रस्त्यांची सबब एका वाक्यात निकालात निघते: पेठ नाक्यावरून आष्ट्यामार्गे सांगलीस जाणाऱ्या त्याच रस्त्यावर माझ्या गाडीचे मूळचे बुश 60,000 किलोमीटर टिकले आणि स्प्रिंगा बदलल्यावर घातलेल्या नव्यांपैकी डावा 4,000 किलोमीटरांत गेला. हलक्या मालाचा मुद्दाही पुरता टिकत नाही, कारण नकली माल बाजारात असला तरी नामांकित बनावटीचे बुशही असेच फाटताना मी पाहिले आहेत.

खरा प्रश्न बुश म्हणजे काय, हा आहे. बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. बाहेर एक पोलादी नळी, आत दुसरी, आणि मध्ये दोहोंना कायमचे जखडलेले रबर, अशी त्याची रचना असते. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटमध्ये घट्ट बसते, आणि पुढे आर्म वरखाली होतो तो नळीभोवती घसरून नव्हे, तर रबराला पीळ देऊन. हा पीळ कोणत्या स्थितीपासून मोजायचा, हे बोल्ट आवळण्याच्या क्षणीच ठरते. गाडी जॅकवर, चाके लोंबकळत, आणि त्याच अवस्थेत मेस्त्रीने शेवटचा पाना मारला, तर रबर त्या लोंबकळत्या अवस्थेलाच आपली विश्रांती समजते. 350 मिलिमीटर लांबीचा आर्म टोकाशी 90 मिलिमीटर खाली लटकला असेल, तर गाडी जमिनीवर येताच रबरास सुमारे 15 अंशांचा पीळ बसतो. तो गाडी अंगणात उभी असतानाही सुटत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचा पीळ त्याच्यावर चढतो.

माझ्या गाडीखाली मी पिटवर उतरून स्वतः पाहिले. डाव्या बुशाच्या रबराला नळीलगत अर्धचंद्राकार भेग पडली होती आणि आतली नळी एका अंगाला सरकली होती. त्याच खोक्यातला उजवा बुश अद्याप धड होता. गाडीचे वजन चाकांवर असतानाच त्याचा बोल्ट सैल केला, तोच आतली नळी टचकन फिरली. नळीवरची खडूची रेघ मी आधी ब्रॅकेटवर मारून ठेवलेल्या रेघेपासून स्पष्ट दूर सरकली. याहून स्पष्ट जबानी कोणती हवी?

याच गृहस्थांशी पूर्वी टायरच्या हवेवरूनही माझा वाद झाला होता. टायर मध्यभागी झिजले तेव्हा त्यांनी रबरास दोष दिला होता; प्रत्यक्षात हवा प्रमाणाबाहेर भरली होती. दोष वस्तूवर ढकलण्याची ही वृत्ती जुनी आहे. कुंडलच्या माळावर 1910 साली लोखंडी नांगर बनविणारी किर्लोस्करवाडी उभी राहिली, त्या काळीही लोखंडी नांगराने जमीन विषारी होते असे सांगणारे होतेच.

कडक बुशाविषयी थोडक्यात: पॉलियुरेथेनचा बुश पीळ खात नाही, नळीभोवती फिरतो, म्हणून या चुकीतून तो वाचतो, पण ग्रीस सुकले की तो कुरकुरू लागतो, आणि रबर जो हादरा गिळत होते तो थेट सांगाड्यावर येतो.

आता मंडन, आणि ते लहानच आहे. बुश प्रेसमध्ये घालताना दाब बाहेरच्या नळीवर द्यावा, रबरावर नव्हे. बोल्ट आधी नुसते लावून घ्यावेत आणि अंतिम आवळणी गाडी चाकांवर उभी करून, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने करावी. स्प्रिंगांमुळे गाडीची उंची बदलली असेल, तर न बदललेल्या जुन्या बुशांचे बोल्टही सैल करून नव्या उंचीवर पुन्हा आवळावेत, कारण जुन्या उंचीवर जखडलेले रबर तेव्हापासून अहोरात्र पिळलेलेच राहते. त्यानंतर अलाईनमेंट करावी.

वाचकांस माझी एवढीच विनंती आहे की, नवे बुश विकत घेण्यापूर्वी मेस्त्रीला एकच प्रश्न विचारावा: शेवटचा पाना मारला तेव्हा गाडी कोठे होती?