तृप्तीनंतरचे स्मरण

आज श्रीदत्तजयंती. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्री आज भाविकांची दाटी होईल. सातारा जिल्ह्यातील गोंदवल्यास श्रीब्रह्मचैतन्य महाराजांनी (१८४५–१९१३) नामाच्या जोडीला अन्नदान घालून दिले. तेथे येणाऱ्यास आजही प्रसाद मिळतो. हे उचितच आहे, कारण दत्तावताराची कथाच अतिथीच्या पानापाशी सुरू होते. तिन्ही देव अनसूयामातेच्या दारी भिक्षेस आले, मातेने त्यांस विन्मुख धाडले नाही, आणि त्या सत्त्वापोटी दत्तप्रभू अवतरले.

अशीच एक कथा ज्यू धर्मग्रंथात आहे. भर दुपारी तंबूच्या दाराशी बसलेल्या अब्राहामास तीन अनोळखी वाटसरू दिसले. तो धावत सामोरा गेला, पाय धुण्यास पाणी दिले, ताज्या भाकरी करविल्या आणि स्वतः उभा राहून वाढले. यावरून ज्यू आचार्यांनी असा निर्णय दिला की, अतिथीचे स्वागत ईश्वरदर्शनाहूनही श्रेष्ठ होय.

हा धर्म आपल्यास सर्वस्वी परका नाही. कोकणातील बेने इस्राएल समाजाने तो शतकानुशतके मराठी बोलत पाळला. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे तारू फुटले, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणाने त्यांस आसरा दिला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. एकोणिसाव्या शतकात त्यांनी आपल्या पुराणपुरुषांवर मराठी कीर्तनेही केली. कीर्तनाची वीणा खांद्यावर वागविणाऱ्या आम्हांस याचे विशेष प्रेम वाटते. त्यांच्या वल्हांडण सणाच्या भोजनविधीची पोथी १८७४ साली पुण्यात हिब्रू व मराठीत छापली गेली. तो विधी आरंभीच भुकेल्यास घरात जेवावयास बोलावतो.

त्यांचा ‘मलिदा’ तर आमच्या गोपाळकाल्याचे भावंडच म्हणावे. इच्छा पुरी झाली की भिजवलेले गोड पोहे, ओले खोबरे आणि फळे ताटात मांडून एलियाहू प्रेषिताचे स्मरण करावयाचे, झाडाच्या फळासाठी वेगळे, भूमीच्या फळासाठी वेगळे असे ईश्वराचे धन्यवाद गावयाचे, आणि मग ते सर्वांस वाटावयाचे. १९४८ नंतर हा समाज बहुतांशी इस्राएलात गेला. मलिदाही त्यांच्याबरोबर गेला.

धन्यवाद न देता जगाचा उपभोग घेणारा ईश्वराची चोरी करतो, असे त्यांचा तालमूद सांगतो. देवांनी दिलेले देवांस न अर्पिता भोगणारा चोरच, असे गीतेचा तिसरा अध्याय सांगतो. दोन्ही शास्त्रांनी शब्दही एकच योजावा, हे चिंतनीय आहे.

परंतु आम्हांस अधिक विचारात पाडते ती मोशेची आज्ञा: जेवून तृप्त झाल्यावर ईश्वराचे आभार मानावेत. भुकेल्या जिवास देव सहज आठवतो. भरल्या पोटी त्याचा विसर पडतो. इ. स. ७० मध्ये यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले, तेव्हा त्या आचार्यांनी सांगितले की, आता मनुष्याचे भोजनाचे पाट हीच वेदी, आणि अतिथीस दिलेला घास हाच बळी.

आपल्याकडेही चित्राहुती आहे, उत्तरापोशन आहे, अन्नदात्यास सुख चिंतिणे आहे. पण आज जेवणाआधीचा श्लोक कसाबसा उरला. जेवणानंतरचे स्मरण मात्र मुखशुद्धीत हरवले. दाराशी आलेल्याची विचारपूस कडी न काढताच होते. प्रसादाच्या पंगतीतसुद्धा मान्यवरांचे पान निराळे मांडले जाते. ज्या घरी हे घडते, तेथे तीन देव आले तरी परत जातील.

म्हणून वाचकांस आमची विनंती आहे. आज नैवेद्य झाल्यावर, ज्यास निमंत्रण नाही अशा एकास तरी आपल्याच पंक्तीस, आपल्याच वाढण्यातले वाढावे. हात धुतल्यावर घरातील सर्वांनी क्षणभर बसून शेतकऱ्याचे, रांधणाऱ्या गृहिणीचे आणि जगन्नियंत्याचे स्मरण करावे. तशी सद्बुद्धी श्रीगुरुदेव दत्त सर्वांस देवोत, हीच प्रार्थना.